न घातलेल्या सव्वीस आंघोळी

कॅप्टन नासिफ घरात शिरला तो बूट न काढताच, आणि गालिच्यावर असा ऐसपैस बसला की जणू या घराचा जावईच. उम्म गियासने त्याच्यापुढे मात्तेचा, म्हणजे वाळक्या पाल्याच्या कडू चहाचा, पेला ठेवला, पेल्यात चोखायची नळी घातली, साखरेची वाटी सरकवली. एवढं करताना थोडी साखर गालिच्यावर सांडली. कॅप्टनने ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. अशा माणसांना ते बरं वाटतंच.

"घाबरतेस काय खाला? मी काय परका आहे?" नळी चोखत तो म्हणाला. "गियास आमच्याकडे आहे. जेवतो, झोपतो. तुझी आठवण काढतो."

गियास हा तिचा उरलेला एकच मुलगा; त्याच्याच नावाने गाव तिला उम्म गियास, गियासची आई, म्हणे. चार दिवसांपूर्वी सकाळी पाव आणायला म्हणून गेला आणि गल्लीच्या कोपऱ्यावरच्या चौकीत त्याला थांबवलं. "दोनच प्रश्न विचारायचेत," असं शिपाई शेजारणीला म्हणाला होता. कफर-लौज गावातून दोन प्रश्नांसाठी गेलेली माणसं कोणी दोन वर्षांनी परत आली होती, आणि कोणाचं नुसतं ओळखपत्रच घरी आलं होतं. त्या दिवसापासून उम्म गियासच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. दार वाजलं की ती दचकून उठे आणि नाही वाजलं तरी उठे.

"तू मयताला आंघोळ घालतेस ना?" कॅप्टनने विचारलं.

"तीस वर्षं झाली, बेटा. बायकांना आणि लहान लेकरांना."

"मग त्या दिवशीच्या बायका-पोरांनाही तूच घातलीस." हा प्रश्न नव्हताच. तो पुढे बोलतच राहिला. "तर ऐक. दमास्कसच्या हॉटेलात हेगचे तपासनीस उतरलेत. आपल्या देशाने कागदावर सही केलीय, की विषारी वायूची सगळी हत्यारं आम्ही टाकून दिली. ती सही आपण पाळतो की नाही, ते बघत हिंडतायत. त्यांच्या डोक्यात कोणीतरी भरवून दिलंय की गेल्या महिन्यात इथे वायू सोडला. आता तूच सांग, विष असतं तर ते मेलेल्यांच्या अंगावर नसतं? त्यांना हात लावणारी बाई जगली असती? आणि तू तर माझ्यासमोर धडधाकट बसलीयेस! सव्वीस जणींना चोळून चोळून आंघोळ घातलीस आणि तुला साधी शिंक आली नाही. याच्याहून मोठा पुरावा कोणाकडे आहे, सांग बघू."

स्वतःच्या या अकलेवर तो इतका खूश झाला की त्याने साखरेचा आणखी एक चमचा पेल्यात ओतला.

उम्म गियासने त्याच्या पेल्यात आणखी गरम पाणी ओतलं. त्या सव्वीस जणींपैकी एकीलाही तिने आंघोळ घातली नव्हती.

हे सगळ्या गावाला माहीत होतं. फक्त कॅप्टनला नव्हतं, कारण तो आणि त्याची गुप्तहेर खात्याची शाखा गावात आली ती नंतर, सरकारने गाव ताब्यात घेतल्यावर. तोंड उघडणारी जी माणसं होती, ती तोवर बसमध्ये बसून उत्तरेला निघून गेली होती. मागे राहिले ते म्हातारे, बायका आणि तोंडाला कुलूप लावून जगायला शिकलेले लोक. कॅप्टनने कोणाला विचारलंही नाही. मेलेल्या बायका म्हणजे त्यांना आंघोळ घातली असणारच, एवढं त्याने आपल्या मनाशी ठरवून टाकलं. ज्या माणसाने आपल्या आईच्या मयतालाही कधी फळीजवळ उभं राहून पाहिलं नसेल, तो असंच ठरवणार.

काय बोलायचं ते त्याने तिला सांगितलं. "समजलं ना? चार वाक्यं आहेत. पाठ करून घे," तो उठत म्हणाला. "उद्या मी न्यायला येतो. तू नीट बोललीस की तुझा गियास तुझ्या दारात. आणि नाही बोललीस..." त्याने पेला खाली ठेवला. "पण तू नीटच बोलशील. शहाणी बाई आहेस तू."

तो गेल्यावर तिने दाराला कडी घातली, पाठ टेकली आणि तशीच खाली बसली. गालिच्यावर त्याच्या बुटांचा चिखल होता, तो पुसायचंही तिला सुचेना.

त्या दिवशी काय झालं, ते तिने कधी कोणाशी बोलून दाखवलं नव्हतं. सकाळी बॉम्ब पडायला लागले तेव्हा माणसं शाळेच्या तळघरात जाऊन बसली होती. बॉम्बसाठी तेच शहाणपणाचं होतं. पण त्या दिवशी जे पडलं ते जड होतं, जमिनीलगत पसरलं आणि पायऱ्या उतरून खाली गेलं. दुपारपर्यंत तळघरातून त्रेचाळीस माणसं वर आणली. शाळेच्या अंगणात ओळीने ठेवली. कोणाला जखम नाही, कोणाला ओरखडा नाही. तोंडाला फेस, आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पुरुष एकीकडे, बायका-पोरं एकीकडे. बायका-पोरं सव्वीस. त्यांच्यात गियासची बायको रहफ होती, आणि पाच वर्षांची जूद, गियासची लेक.

उम्म गियास आणि तिची जोडीदारीण उम्म निदाल, दोघी मिळून हे काम करायच्या. नेहमीची रीत दोघींच्या हाताला पाठ होती. फळीवर मयत, वरून चादर, चादरीखालून कात्रीने कपडे कापून काढायचे, मग पाणी. उजवी बाजू आधी, डावी नंतर. तीनदा, आणि शेवटच्या पाण्यात कापूर. उम्म निदाल पुढे सरसावली. पहिल्याच बाईवर तिने चादर घातली, वाकून कपडे कापायला लागली, आणि उम्म गियास कापूर आणायला आत गेली. ती परत आली तेव्हा उम्म निदाल फळीच्या पायाशी पडून हातपाय झाडत होती. संध्याकाळपर्यंत तीही ओळीत गेली. सव्वीसची सत्तावीस झाली, पण तिला त्या हिशेबात कोणी धरत नसे.

उम्म निदाल कोसळली तेव्हा मशिदीचे शेख मुनीब लांबूनच ओरडले, "थांब! पाण्याला हात लावू नकोस! जिवंताच्या जिवावर बेतत असेल तर पाणी माफ आहे. तयम्मुम कर, कोरड्या मातीने. कपडे काढू नकोस, जशा आहेत तशाच जाऊ देत."

मग तिने हाताला फडक्याचे चार पदर गुंडाळले, तोंड बांधलं. स्वच्छ मातीवर तळवे आपटायचे, झटकायचे, मयताच्या तोंडावरून एकदा फिरवायचे, मग दोन्ही हातांवरून मनगटापर्यंत. एवढंच. सव्वीस वेळा एवढंच. जूदच्या स्वेटरचं वरचं बटण उघडं होतं, ते तिने लावलं. मग एकेकीला तिच्याच कपड्यांत, घोंगडीत गुंडाळून शाळेमागच्या जर्दाळूच्या बागेत पुरलं. अजूनही त्या तिथेच होत्या, अंगावरच्या कपड्यांसकट. त्या कपड्यांत काय मुरलंय, ते ओळखायला शिकलेली माणसं आता दमास्कसच्या हॉटेलात येऊन बसली होती.

आणि तिने उद्या जाऊन सांगायचं होतं, की मी सगळ्यांना आंघोळ घातली. म्हणजे कपडे उरले नाहीत, पाण्याने सगळं वाहून गेलं, आणि मुळात वाहून जाण्यासारखं काही नव्हतंच.

तिच्या धंद्याचा एक नियम होता, तिच्या आईने तिला घालून दिलेला. फळीवर जे दिसेल, कोणाच्या पाठीवरचा डाग, कोणाच्या पोटावरचा टाका, ते बाहेर कोणाला सांगायचं नाही. मेलेल्याची लाज धुणारीने झाकायची. तीस वर्षं तिने तो पाळला होता. पण झाकणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं, एवढं तिलाही कळत होतं. ती रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सारखी गियासची बोटं डोळ्यांपुढे यायची. शाखेत बोटांचं काय करतात, ते गावातल्या पोरासोरालाही माहीत होतं.

गाडीत कॅप्टनने तिच्याकडून चारही वाक्यं म्हणवून घेतली. ती म्हणताना अडखळली की तो हसायचा.

"शाळेत मास्तरणीने छडी मारली असेल तुला."

"मी शाळेत गेले नाही, बेटा."

"म्हणूनच. साधी बाई आहेस, म्हणून तर तुला निवडलं. शिकलेल्या डॉक्टरवर ती माणसं विश्वास ठेवत नाहीत." हॉटेलच्या दारात त्याने गाडी थांबवली आणि आवाज खाली आणला. "आत तू एकटी असशील. त्यांचा तसा हट्ट असतो, साक्षीदाराबरोबर दुसरं कोणी नको. पण हॉटेल कोणाचं आहे, ते विसरू नकोस. भिंतींना आमचेच कान आहेत."

तिने मान हलवली.

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पडदे ओढलेले होते. टेबलापलीकडे दोघी बायका होत्या. एक पांढऱ्या केसांची, कुठल्या तरी थंड देशातली तपासनीस. दुसरी दुभाषी, सुदानची, डोक्यावर ओढणी, नाव बुसैना. कोपऱ्यात तीन पायांवर कॅमेरा उभा होता.

पांढऱ्या केसांची बाई बोलली, बुसैनाने ते सांगितलं. "खाला, हे कोणी केलं ते आम्ही विचारणार नाही. ते आमचं काम नाही. काय झालं, तेवढंच सांगा. सकाळपासून सुरुवात करा. आम्ही मध्ये बोलणार नाही. हा कॅमेरा आमचा आहे, यातलं आमच्याबरोबर हेगला जाणार, इथे कोणाला मिळणार नाही. तुम्हाला कधीही थांबावंसं वाटलं तर थांबा."

उम्म गियासने चार वाक्यं सांगितली. बॉम्ब पडले, धूळ उडाली, माणसं धुळीने गुदमरली. मी सगळ्यांना आंघोळ घातली. त्यांच्या अंगावर विष-बिष काही नव्हतं. मला काही झालं नाही. सांगताना ती भिंतीकडे बघत होती. भिंतीवर समुद्राचं चित्र होतं, आणि त्या चित्रामागे काय असेल, असं तिच्या मनात येत होतं.

बुसैनाने सगळं तिकडच्या भाषेत सांगितलं. पांढऱ्या केसांची बाई लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने शांतपणे एकच विचारलं.

"त्यांचे कपडे कुठे आहेत?"

हे वाक्य चारांत नव्हतं. आंघोळ घातली म्हणजे कपडे काढले, काढले म्हणजे ते कुठेतरी गेले. कॅप्टनच्या डोक्यात एवढं कुठून येणार? सव्वीस बायका-पोरांचे कपडे. जूदचा स्वेटर. जाळले म्हणावं, तर झालं. त्या एका शब्दाने बागेतली माती कायमची बंद झाली असती, आणि पुन्हा कोणी तिथे बघायला गेलं नसतं. आणि अंगावरच आहेत म्हणावं, तर गियास.

"जाळले," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की बुसैनाला पुन्हा विचारावं लागलं. "जाळले, पोरी. जुने होते."

बाईने तेही लिहिलं. मग तिने बाजूचा टॉवेल उचलला, गुंडाळी केली आणि टेबलावर आडवी ठेवली. आम्ही प्रत्येकाला असंच विचारतो, असं ती म्हणाल्याचं बुसैनाने सांगितलं. डॉक्टरला म्हणतो, नळी कशी लावलीत ते दाखवा. गाडी चालवणाऱ्याला म्हणतो, माणूस कसा उचललात ते दाखवा. "तुम्हीही हाताने दाखवा, खाला. काय काय केलंत ते. आणि तोंडाने सांगत राहा."

उम्म गियास टॉवेलाकडे बघत राहिली. पाच वर्षांच्या मुलीएवढीच ती गुंडाळी होती.

भिंतींना कान आहेत, असं कॅप्टन म्हणाला होता. डोळे आहेत असं म्हणाला होता का? ती आठवायला लागली. गाडीतलं त्याचं वाक्य न् वाक्य आठवलं. कानच म्हणाला होता. पण त्याने सगळं थोडंच सांगितलं असेल?

हे चुकीचं ठरलं, तर गियासला ती पुन्हा कधी बघणार नव्हती. हे तिला स्पष्ट माहीत होतं. तरीही तिचे हात टेबलावर आले.

"हे पहिलं पाणी," ती म्हणाली, आणि दोन्ही तळवे टेबलावर आपटले. झटकले. टॉवेलाच्या वरच्या टोकावरून, जिथे तोंड असतं तिथून, एकदा फिरवले. मग उजवीकडे मनगटापर्यंत. मग डावीकडे. "उजवी बाजू आधी, मग डावी. हे दुसरं पाणी." तिने टॉवेलाची कड गळ्यापाशी सारखी केली, आणि नसलेलं बटण बोटांनी काजात घातलं. "हे तिसरं. यात कापूर." नसलेली घोंगडी तिने पायाकडून वर ओढली, दोन्ही बाजूंनी खाली खोचली. कात्री नाही, चादर नाही, पाणी नाही. तोंड आंघोळ घालत होतं आणि हात कपड्यांसकट मातीत ठेवत होते.

बुसैना बोलता बोलता थांबली.

क्षणभरच. पण उम्म गियासने ते पाहिलं. पाणी नसलं की सुदानातही लोक मातीच घेतात. या मुलीनेही आपल्या आजीला कधी तसं करताना पाहिलं असणार. बुसैनाने घसा साफ केला आणि त्याच सपाट आवाजात पुढे सांगत राहिली, पहिलं पाणी, दुसरं पाणी, कापूर. तोंडाने एवढं सांगताना ती कागदावर काहीतरी लिहीत होती. चार ओळी झाल्यावर तिने कागद पांढऱ्या केसांच्या बाईपुढे सरकवला.

बाईने तो वाचला. तिने मान वर केली नाही, भुवईसुद्धा हलवली नाही. उठून तिने कॅमेरा थोडा खाली वळवला, टेबलाकडे.

"पुन्हा एकदा दाखवाल?"

उम्म गियासने पुन्हा दाखवलं. तळवे, झटकणं, तोंड, हात, बटण, घोंगडी. पहिलं पाणी, दुसरं पाणी, तिसरं.

"सव्वीस जणींना असंच?"

"असंच. सव्वीसही जणींना अगदी असंच."

"आणि पुरलं कुठे?"

"शाळेमागे. जर्दाळूच्या बागेत."

बुसैनाने पाण्याचा पेला भरून तिच्या हातात दिला. तिला तो धरता येईना, तेव्हा बुसैनाने खालून आपला हात लावला. पांढऱ्या केसांच्या बाईने तिला काही सांगायचं राहिलंय का असं विचारलं. उम्म गियास म्हणाली, नाही, मला घरी जायचंय.

खाली दिवाणखान्यात कॅप्टन उभाच होता. त्याच्याशेजारी टीव्हीवाले.

"काय विचारलं?"

"विचारलं ते सांगितलं, बेटा."

"हाताने काय दाखवायला लावलं?"

त्याला कसं कळलं? दिसलं? की दुसऱ्या कोणी साक्षीदाराने आधीच सांगितलं असेल, की इथे दाखवायला लावतात? कॅप्टनच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"आंघोळ," ती म्हणाली. "आंघोळ कशी घालतात ते."

"छान. मग तेच आता इथे दाखव. सगळ्या देशाला बघू दे."

टीव्हीवाल्या पोराने सोफ्यावरची उशी आणून टेबलावर ठेवली. दिवा लावला. उम्म गियासने आधी कॅप्टनकडे पाहिलं आणि मग उशीकडे. आता तिने सगळं रीतसर केलं. कात्री चालवली, कपडे बाजूला टाकले, उजवी बाजू, डावी बाजू, हात फिरवून फिरवून तिन्ही वेळा पाणी ओतलं, केसांचे तीन पेड घालून मागे सोडले. तीस वर्षांचा हात तो, एकही खोट राहिली नाही. "मला काही झालं नाही," ती दिव्याकडे बघून म्हणाली. "विष असतं तर मी मेले असते."

"वा, खाला!" कॅप्टन म्हणाला. "तू तर नटीच निघालीस."

ते त्याच दिवशी टीव्हीवर लागलं. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीवर ती गेली तेव्हा रांगेतल्या बायका एकेक करून बाजूला झाल्या आणि तिला नंबर दिला. उम्म निदालची सून तिच्या अगदी समोर होती. तिने जमिनीवर थुंकून बादली उचलली आणि रिकामीच घरी नेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी दारात आली. कॅप्टनने स्वतः गियासला उतरवलं. गियास एका कुशीवर कलून चालत होता, डाव्या डोळ्याभोवती पिवळं पडलं होतं, पण दोन हात होते, दहा बोटं होती. उम्म गियासने ती डोळ्यांनीच मोजून घेतली. "घे, तुझं पोर," कॅप्टन म्हणाला. मग गियास आत गेला तरी तो दारातच रेंगाळला.

"खाला, एक गंमत सांगू? त्या हेगवाल्यांनी अर्ज केलाय. जर्दाळूच्या बागेत खणायची परवानगी हवीय म्हणे त्यांना."

तिने पदर डोक्यावर ओढून घेतला.

"जाळलेल्या कपड्यांसाठी कोणी बाग खणतं का?" तो तिच्याकडे टक लावून बघत होता. "तुला काय वाटतं? कशाला खणायचं असेल त्यांना?"

"मला काय माहीत, बेटा. परक्यांच्या डोक्यात काय असतं ते."

"हं." त्याने नजर हलवली नाही. "परवानगी अजून दिली नाही आम्ही. देऊ, नाही देऊ. तू कुठेतरी काही बोललीस, असं कळलं, तर मी परत येईन. आणि मी आलो की माझ्याबरोबर कोण येईल, ते तुला माहीतच आहे."

गाडी गेल्यावर तिने दार लावलं, कडी घातली, पुन्हा तपासली. शेजारच्या खोलीत पंधरवड्यापूर्वी एक नवा माणूस राहायला आला होता. तो कुठे कामाला जात नसे, आणि भिंत एका विटेची होती.

तिने चुलीवर बरगुल, गव्हाची भरड, चढवलं, गियासपुढे पाव ठेवला, वांग्याचं लोणचं ठेवलं. तो पावाला शिवला नाही.

"यम्मा," तो म्हणाला, "त्यांनी मला टीव्ही दाखवला. कोठडीतून बाहेर काढून, खुर्चीवर बसवून. म्हणाले, बघ तुझी आई."

ती चुलीकडे तोंड करून उभी राहिली.

"उशीला आंघोळ घालत होतीस तू. मला वाटलं, मारलं असेल तुला, म्हणून. तुला मारलं का?"

"नाही."

"मग आत काय सांगितलंस? त्या परदेशी लोकांना? टीव्हीसाठी केलंस ते केलंस, माझ्यासाठी केलंस, ते मला कळतं. पण आत तर कोणी नव्हतं. आत तरी खरं सांगितलंस ना?" त्याचा आवाज चढायला लागला, तसं तिने ओठांवर बोट ठेवलं. "हळू कशाला बोलू? माझी बायको आहे त्या बागेत! माझी लेक आहे! आत काय सांगितलंस, यम्मा?"

तिचे हात आपोआप वर आले. दाखवावं, असं तिला इतकं वाटलं की बोटं दुखायला लागली. तळवे आपटावे, झटकावे, बटण लावून दाखवावं, तर याला एका क्षणात सगळं कळेल आणि हा माझ्या गळ्यात पडेल. पण मग ती गियासकडे नीट पाहायला लागली. लहानपणापासून याच्या पोटात काही राहिलं नव्हतं. आनंद झाला तरी गल्लीला सांगायचा आणि राग आला तरी. आज याला कळलं, तर उद्या मामाला कळेल. परवा हा उम्म निदालच्या सुनेला जाऊन सांगेल, की माझ्या आईसमोर थुंकलीस ना, तर ऐक. आणि तेरवा गाडी दारात उभी राहील. आईवरच्या प्रेमापोटीच हा मरेल. तिने हात पदराला पुसले आणि खाली घेतले.

"तेच सांगितलं," ती म्हणाली. "टीव्हीवर सांगितलं तेच."

"खोटं."

"खरं सांगते."

"जूदलापण आंघोळ घातली, असं सांगितलंस? कपडे काढले म्हणालीस तिचे?"

"हो."

"मला शपथ घेऊन सांग." तो उठून तिच्या समोर आला. तिला त्याचा लहानपणचा चेहरा दिसत होता. "जूदच्या कबरीची शपथ घे, यम्मा. मी वाटेल ते ऐकीन, पण जूदची खोटी शपथ तू घेणार नाहीस. घे शपथ, की तू आत हेच सांगितलंस."

भिंतीपलीकडे कोणीतरी खुर्ची सरकवली.

"जूदच्या कबरीची शपथ," उम्म गियास म्हणाली. नीट, मोठ्याने, भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "मी आत हेच सांगितलं."

गियासने खुंटीवरचा आपला कोट घेतला, रहफची ओढणी घेतली, आणि मामाकडे राहायला जातो म्हणून सांगितलं. जेवून जा, असं ती म्हणाली, पण तो तोवर दाराबाहेर गेला होता.

ती खिडकीशी आली, पडदा न हलवता उभी राहिली. तो एका कुशीवर कलून गल्लीतून चालत होता. चौकी जवळ आली तशी तिने खिडकीची चौकट घट्ट धरली. शिपायाने सिगारेट तोंडातून काढली, गियासकडे बघितलं, आणि पुन्हा तोंडात घातली. गियास चौकी ओलांडून पलीकडे गेला, मशिदीच्या बाजूला वळला. त्याला कोणी हटकलं नाही.